शिवराक म्हणजे व्हिगन नव्हे

बाय,
अनेक आशीर्वाद.

'श्रावणभर शिवराक जेवतेच, आता व्हिगन व्हायला कितीसं राहिलं?' असं तू विचारलंस. शिवराक म्हणजे आपलं शाकाहारी जेवण, त्यातून व्हिगन व्हायला बरंच राहिलंय. ते नीट कळून घे, मग ठरव.

वेंगुर्ल्यात मी खाणावळ चालवायचे तेव्हा एक पाहुणी आली. व्हिगन आहे म्हणाली. मी तिला शिवराक ताट वाढलं आणि निर्धास्त जेव म्हटलं. वरणावर तूप होतं, कढी ताकाची होती. काही न बोलता तिनं ताट बाजूला सारलं नि अर्धपोटी उठली. ते मला अजून लागतं.

शिवराक म्हणताना आपण एवढंच बघतो, की ताटात मासळी, मटण, अंडं नाही. दूध, तूप, मध सगळं चालतं. श्रावणात सोडतो तो कांदा-लसूण. व्हिगन माणसाला कांदा-लसूण खुशाल चालतो, दूध आणि मध चालत नाही. जनावराकडून काहीच घ्यायचं नाही, हा त्याचा नेम. म्हणून तो ताटापाशी थांबत नाही. चामड्याची चप्पल, लोकर, रेशीमही सुटतं, कारण रेशमाचे कोश सहसा आतल्या किड्यासकट उकळतात. हा शब्दही शाकाहाऱ्यांतूनच निघाला: 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी दूधही सोडणाऱ्यांसाठी तो घडवला.

दूध का सोडायचं, हे आपल्याकडे पटायला जड जातं. लहानपणी माझी आजी धार काढायची तेव्हा वासराचं दावं माझ्या हातात असायचं. गाईला पान्हा फुटेपर्यंत त्याला पिऊ द्यायचं, मग ओढून बाजूला धरायचं. ते केवढा जोर लावायचं! आजी एक सड त्याच्यासाठी राखायची, पण चिकाचा खरवस आम्हीच खायचो. हे दूध वासराचं, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मला राग आला असता. आज येत नाही. मी दूध सोडलेलं नाही, तरी त्या ओढीला माझ्याकडे उत्तर नाही.

ठरवलंसच तर आधी महागडी पाकिटं आणू नकोस. आपल्याकडे शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, नारळाच्या रसात बुडवून खातात. सोलकढी, खापरोळी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, ओल्या काजूगरांची उसळ, यांना दुधाचा थेंब लागत नाही. पण नारळाचा रस दुधाची चव भागवतो, प्रथिनं नाही. त्यासाठी कुळथाची पिठी, मूग, वाटाणे रोज हवेत. नाचणी सोडू नकोस. 100 ग्रॅममध्ये 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. आणि बी-12 झाडपाल्यातून भरवशानं मिळत नाही. दूध सोडण्याआधी रक्त तपास आणि डॉक्टरांना विचारून गोळी सुरू कर. यात हयगय केलीस तर मी रागावेन.

बाजारात हिरव्या ठिपक्यावर जाऊ नकोस. दूधपावडर घातलेल्या बिस्किटावरही तो असतो. मागची बारीक अक्षरं वाच. व्हिगन पदार्थांसाठी आपल्याकडे वेगळं हिरवं चिन्हही आहे, इंग्रजी 'व्ही'वर पान असलेलं.

चतुर्थीचं मात्र आधी बोलून ठेव. पंचामृतात दूध, दही, तूप, मध आणि साखर. पाचातली चार तुला चालणार नाहीत. ऐन आरतीनंतर हात मागे घेतलास तर तुझ्या आजीला वाटेल, देवाचंच नाकारलं. आठ दिवस आधी तिला फोन कर, वासराची गोष्ट सांग. तिनंही दावं धरलेलं आहे, तिला कळेल. मोदक वळायला मी येतेच. उकडीत तुपाऐवजी घाण्याचं खोबरेल घातलं तरी पारी छान वळते, मी करून पाहिलंय. तुझे मोदक वेगळ्या हळदीच्या पानावर उकडीन.

तुझी,
मावशी