खान्देशात रोपांची वेळ उन्हाकडून उलटी मोजावी

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

धुळ्यातील नव्या घरामागे तुला चार वाफ्यांपुरती मोकळी जागा मिळाली असून होळी झाल्यावर तेथे भाजीपाला आणि फुलझाडे लावण्याचा तुझा विचार आहे, हे वाचून फार आनंद झाला. मात्र होळीपर्यंत थांबण्याचा विचार तू आजच सोडून द्यावास, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखात येत असला, तरी आपल्याकडच्या बागेचा वसंत पौषाच्या अखेरीस सुरू होतो आणि फाल्गुनाबरोबर संपतो. एप्रिलमध्ये धुळे, जळगाव, भुसावळ येथे पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि मे महिन्यात कधी कधी ४५ अंशही ओलांडतो. अशा उन्हात नुकतेच लावलेले रोप जगवण्यातच सगळे पाणी आणि सगळा वेळ खर्च होतो. थंड देशांतील माळी हिवाळा सरताना शेवटचे गोठवणारे दंव कधी पडेल हे पाहून तेथून मागे मोजतात. आपण मात्र पुढे येणाऱ्या उन्हाकडून मागे मोजत यावे. बियांच्या पाकिटावर किंवा चित्रफितींत दिलेला महिना आपल्याला लागू पडतो की नाही, हे याच हिशेबाने ठरवावे.

टोमॅटोचे उदाहरण घे. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर राहू लागले आणि रात्रीही हवेत गारवा उरला नाही, की टोमॅटोचे परागकण नीट काम करत नाहीत आणि फुले देठासकट गळून पडतात. म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत फळधारणेचा मोठा भाग उरकलेला हवा. लावणीनंतर फुलावर येण्यास साधारण महिना लागतो आणि त्याआधी रोप तयार होण्यास २५ ते ३० दिवस लागतात. यावरून बी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पडले पाहिजे, हे तुझ्या लक्षात येईल. मिरचीचे रोप तयार होण्यास ४० ते ४५ दिवस लागतात, म्हणून तिचे बी त्याहूनही आधी, डिसेंबर संपण्यापूर्वी पेरावे. वांग्याला पाच आठवडे धरावेत. येथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडची भरताची मोठी, हिरवी-पांढरी वांगी, ज्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती खरी हिवाळ्यात खाण्याची. कळण्याच्या भाकरीबरोबर ते भरीत हवे असेल, तर त्यांची रोपे पावसाळ्यात करावीत. आता लावण्यासाठी लहान काटेरी वांगी बरी.

भेंडी आणि गवार यांची रोपे करण्याच्या भानगडीत पडू नये. त्यांचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि हलवल्यास ते दुखावते. फेब्रुवारीत बी रात्रभर भिजवून थेट वाफ्यात टोकावे. काकडी, गिलके, दोडके, दुधी आणि कारले या वेलवर्गीय भाज्यांसाठी मधला मार्ग आहे. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, तळाशी तीन-चार छिद्रे पाडून, त्यांत जानेवारीच्या उत्तरार्धात प्रत्येकी दोन बिया लावाव्यात आणि दोन ते चार खरी पाने येताच, मातीचा गोळा न फोडता, रोप वाफ्यात बसवावे. कारल्याचे कवच जाड असते, म्हणून ते बी आधी भिजवून ओल्या फडक्यात बांधून उबदार जागी ठेवावे. एवढे वेळेवर झाले, तर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरची गिलकी आणि काकड्या काढता येतील. वाणांविषयी राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या हिमांगी काकडीचा आणि फुले ज्योती मिरचीचा विचार कर. विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय धुळ्यातच आहे, तेथे चौकशी करता येईल.

आता मातीविषयी, कारण नवशिक्यांची निम्मी रोपे मातीमुळेच जातात. आपली काळी कपाशीची माती उभ्या पिकाला उत्तम आहे, परंतु बी रुजवण्यासाठी ती एकटी वापरू नये. पाणी दिले की ती चिकट होऊन हवा कोंडते आणि वाळली की तिला भेगा पडून कोवळी मुळे तुटतात. पोयट्याची माती, चाळलेले जुने शेणखत आणि वाळू समप्रमाणात मिसळून घ्यावीत. शेणखत हातात घेतल्यावर त्याला शेणाचा नव्हे, तर पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास आला पाहिजे. अर्धवट कुजलेल्या खताची उष्णता मुळांना सोसत नाही आणि त्यात मुळे खाणारी हुमणी अळीही असू शकते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिळाले तर वाळूऐवजी घालता येईल. मात्र ते आधी धुऊन त्यातील क्षार काढून टाकावेत.

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट ते तिप्पट खोल जावे. टोमॅटो, वांगी आणि मिरची यांसाठी अर्धा ते एक सेंटिमीटर पुरे. पाकिटातील बी गुलाबी किंवा हिरव्या रंगाचे दिसले, तर त्याला बुरशीनाशक लावलेले आहे असे समजावे. ते भिजवू नये आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत. साध्या बियाण्याला पेरणीपूर्वी ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची भुकटी चोळावी. प्रत्येक भाजीचा ट्रे वेगळा ठेवावा, कारण टोमॅटो आठवड्याभरात वर येतो आणि मिरची थंडीत दोन-तीन आठवडेही घेते. एकाच ट्रेमध्ये दोन्ही असल्यास एकाला हवे असलेले पाणी दुसऱ्याला अपाय करते. जानेवारीत धुळ्यात रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, म्हणून उगवण होईपर्यंत ट्रे रात्री घरात घ्यावेत आणि वर ओले गोणपाट घालावे.

उगवण मात्र रोज सकाळी जवळ जाऊन पाहावी. मिरचीचा अंकुर प्रथम वाकलेल्या मानेसारखा मातीतून वर येतो आणि मग दोन चिंचोळी दले, म्हणजे बियांतली पहिली पाने, सोडवून घेत सरळ होतो. कधी बियांचे टरफल दलांच्या टोकाला टोपीसारखे अडकून राहते. बी फार वर पेरले गेले किंवा वरची माती सुकली, म्हणजे असे होते. त्यावर पाण्याचा थेंब सोडावा आणि टरफल मऊ होऊन आपोआप गळू द्यावे. नखाने ओढल्यास दले तुटतात. पहिला अंकुर दिसला त्याच दिवशी गोणपाट काढून ट्रे उन्हात ठेवावा. खिडकीत ठेवलेली रोपे प्रकाशाकडे ताणली जाऊन लांब आणि लेची होतात, आणि असे रोप पुढे सुधारत नाही. आपल्याकडचे जानेवारीचे ऊन रोपांना मानवते. टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळट दिसली, तर घाबरून औषध मारू नये. गारठ्यात मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट घेता येत नाही, त्याची ती खूण असते आणि ऊब वाढताच ती जाते.

रोपे कोलमडण्याचा रोग मात्र गंभीर आहे. संध्याकाळी चांगली दिसलेली रोपे सकाळी आडवी पडलेली आढळतात आणि जवळून पाहिले, तर मातीलगतचे खोड पाणचट होऊन दोऱ्याएवढे बारीक झालेले असते. ही बुरशी साचलेल्या ओलाव्यात वाढते. म्हणून दाट पेरू नये, पाणी सकाळीच द्यावे, आणि शक्य असल्यास ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी. बोअरवेलच्या जड पाण्याने मातीवर पांढरा थर धरू लागला, तर मधूनमधून नळाचे पाणी भरपूर सोडून क्षार खाली धुऊन काढावेत. पांढरी माशी टोमॅटो-मिरचीच्या कोवळ्या रोपांवर पर्णगुच्छाचे, म्हणजे चुरडामुरड्याचे विषाणू आणते आणि एकदा रोग जडला की उपाय नाही. उगवल्यापासून लावणीपर्यंत बारीक नायलॉन जाळी बांधून ठेवणे हाच खरा इलाज आहे.

फुलांबाबत तुझ्या यादीतून पेट्युनिया आणि डेलिया काढून टाक, त्यांची पेरणी पावसाळ्याच्या अखेरीस करायची असते. झेंडू, गलांडा, झिनिया आणि कॉसमॉस ठेव. झेंडूचे लांबट बी आडवे टाकून वर माती भुरभुरावी. जानेवारीच्या आरंभी पेरलेला झेंडू पाडव्याच्या तोरणाला उपयोगी पडतो. गलांडा आणि चिनी गुलाब मे महिन्यातही फुलतात, म्हणून उन्हाच्या बाजूचा वाफा त्यांना द्यावा. झिनियाची मुळे हलवलेली खपत नाहीत, तिचे बी जागेवरच पेर.

लावणीच्या आठवडाभर आधी रोपांचे पाणी हळूहळू कमी करावे, परंतु पाने मान टाकतील इतके नाही. लावणी ऊन कलल्यावर करावी, त्याच वेळी आळ्यात पाणी सोडावे, आणि पश्चिमेच्या बाजूने चार-पाच दिवस तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, आडोसा उभा करावा. मुळे धरल्यावर आळ्यात वाळलेल्या पानांचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन दोन-तीन बोटे जाड पसरावे.

हे पत्र हाती पडेल तेव्हा डिसेंबरचा शेवटचा आठवडा असेल. त्यामुळे या आठवड्यात फक्त मिरची पेर, माती चाळून ठेव, आणि जुन्या पाकिटांतील प्रत्येकी १० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांतील किती फुटतात ते पाहा. सहापेक्षा कमी फुटल्या, तर ते पाकीट बाजूला ठेवून नवे बी आण आणि टोमॅटोची पेरणी त्या नव्या बियाण्याने कर.

तुझा,
काका