नाशिकला नवीन आले आहे. गाता येत नाही, चारचौघांत बोलता येत नाही. चर्चमध्ये सेवा करायची तर सुरुवात कुठून करू?

सलाम ताई. तुम्ही लिहिलंय की अंबडच्या कंपनीत फिरती शिफ्ट आहे, क्वायरमध्ये जमणार नाही, माईक हातात आला की घसा कोरडा पडतो, आणि पाळकसाहेबांना विचारलं तर "प्रार्थना करा, प्रभू मार्ग दाखवेल" एवढंच म्हणाले. त्यांचं चूक नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. मी नाशिकच्याच शरणपूर भागातल्या एका मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, लहानाचा मोठा झालो. तिथे बघितलंय ते सांगतो.

"मला काही काम द्या" असं कमिटीला विचारू नका. कमिटी तुमचं नाव वहीत लिहून घेईल आणि वही नाताळला उघडेल. त्यापेक्षा दोन-तीन रविवार नुसतं बघा, कुठलं काम एकच माणूस वर्षानुवर्षं ओढतोय. प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस वाटतात त्याची, भांडी कोण विसळतं? संडे स्कूलच्या मुलांना पाणी कोण देतं? व्हीलचेअरवरच्या आजींना पायऱ्यांवरून कोण उतरवतं? त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभ्या राहा, बस. तो आधी "राहू द्या, मी करतो" म्हणेल. जाऊ नका. फक्त अर्पण मोजायच्या टेबलापाशी लगेच जाऊ नका. तिथे मंडळीने नेमलेली दोन माणसंच बसावीत आणि दोघांनी सही करावी, हेच बरं.

वाढण्या-विसळण्याच्या कामाला कमी समजणारे भेटतील. त्यांना प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय दाखवा. यरुशलेमेच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली, म्हणून सात जण निवडले गेले. स्तेफन त्यातलाच. भांडण पंगतीतल्या वाढपावरून होतं, आणि प्रेषितांना ते इतकं महत्त्वाचं वाटलं.

पण नाशिकमध्ये खरी गरज कुठे आहे म्हणाल, तर दवाखान्यात. त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलला आजूबाजूच्या तालुक्यांतून पेशंट येतात, आणि त्यात सुरगाणा-पेठकडचा कुणी आपल्या मंडळीच्या ओळखीतला असतोच. भेटायला जाणारे बरेच. येतात, सफरचंदं ठेवतात, लांबलचक प्रार्थना करतात, निघतात. सोबत आलेली बाई मात्र सकाळपासून उपाशी असते, कारण खाट सोडून ती जाणार कुठे? तुम्ही "मी अर्धा तास बसते, तुम्ही जेवून या" एवढं म्हणा. थर्मासमधून चहा न्या. दुसरं म्हणजे कागदपत्रं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होऊ शकतात, पण रेशनकार्ड गावी राहिलेलं असतं, किंवा कार्डावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं असतं. योजनेतल्या हॉस्पिटलात पेशंटला मदत करायला आरोग्यमित्र बसतो. त्याच्यापर्यंत त्या बाईला घेऊन जाणं, गावच्या कुणाकडून कार्डाचा फोटो मागवणं, फॉर्म भरून देणं, हे तुमच्यासारख्या ऑफिसात वावरणाऱ्या माणसाला सहज जमेल. प्रार्थना करायची तर आधी विचारा, आणि हळू आवाजात करा. वॉर्डात सगळ्या धर्मांची माणसं झोपलेली असतात. शेजारच्या खाटेवरच्या काकांनाही पाणी लागेल, तेही द्या. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये हे मत्तयात इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना आमच्याकडे ब्लँकेटवाटपाचे अल्बम निघतात, यावर मी एकदा बोललो तर काहींनी आठवडाभर तोंड फिरवलं.

तुम्ही कॅथलिक असाल तर पॅरिशमध्ये, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चमध्ये, संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे का विचारा. १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झालेलं हे काम. त्यात सभासद जोडीने गरजूंच्या घरी जातात. नवख्या माणसाला याहून सोपं नाही, कारण बोलायचं काम जोडीदार करतो.

मयत झालं की मात्र नुसतं "आत्म्यास शांती लाभो" लिहून गप्प बसू नका. पेटीची व्यवस्था, कबरस्तानात खड्डा, पाहुण्यांना चहा, पाळकांना आणायला गाडी, सगळं काही तासांत उभं करायचं असतं, आणि घरचे भानावर नसतात. या गावाला त्याची जुनी ओळख आहे. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवलेली वस्ती. गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना इथे शिकवत, हातात कसब देत. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारला तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली, सोबत्यांनी तो देह कित्येक महिने चालत किनाऱ्याला आणला आणि पुढे वेनराइट पेटीबरोबर थेट इंग्लंडला गेला. आमच्या नव्या पोरांना हे माहीत नसतं, म्हणून सांगितलं.

शिफ्टचं म्हणाल तर दर रविवारचं काम अंगावर घेऊच नका. नाइट करून आलेला माणूस संडे स्कूलमध्ये चिडचिड करतो आणि मुलं घरी जाऊन सांगतात. महिन्याचं वेळापत्रक हातात आलं की दोन सुट्ट्या आधीच कळवून टाका, एक दवाखान्यासाठी आणि एक घरी एकट्या राहणाऱ्या कुणासाठी. अशा म्हाताऱ्यांची नावं महिला मंडळाच्या बायकांना पाठ असतात, पाळकांपेक्षा जास्त. त्यांच्याशी ओळख वाढवा.

एकदाच काहीतरी मोठं करून बघायचं असेल, तर फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. लांबलांबून भाविक येतात. पाणी, रांगा, चुकलेली मुलं, चपला, सगळीकडे हात कमी पडतात. जानेवारीतच चौकशी करून ठेवा आणि त्या शनिवार-रविवारची सुट्टी सुपरवायझरकडे आतापासून मागा.