सगळं वाचून काढू का?

प्रश्न : फ्रेंचची बी-२ परीक्षा पास झाले आहे. आता फ्रेंच साहित्य आणि संस्कृती या विषयात एम.ए. करायचं मनात आहे. पण मध्ययुगापासूनचं जवळजवळ काहीच वाचलेलं नाही. आधी ते सगळं वाचून काढू का? आणि ओढ साहित्याची असताना संस्कृतीचे पेपर कशाला?

उत्तर : सगळं वाचायला बसलात तर अर्जाची मुदत उलटून जाईल! इतकी वर्षं हा विषय शिकवतेय. मुलं अडखळतात ती वाचन कमी पडलं म्हणून नव्हे, एकाच पानावर दोन तास बसायची सवय नसते म्हणून. फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ ही कादंबरी उघडा. तिच्यातल्या शाळेच्या वर्गातला कुणीतरी ‘आम्ही’ म्हणत गोष्ट सांगू लागतो आणि पहिल्या प्रकरणानंतर हा ‘आम्ही’ गायब! मग पुढचं कोण सांगतंय? एवढ्या एका प्रश्नावर अख्खा तास जातो. उतारा असा उलगडून दाखवणं तुम्हाला परीक्षेतही करायचं आहे, तेव्हा आतापासून रोज एक पान घ्या.

‘पासे सँप्ल’ हा भूतकाळ मात्र पक्का करा. बोलण्यात तो येत नाही म्हणून भाषेच्या वर्गात घाईघाईने उरकतात, आणि कादंबऱ्या तर त्याने भरलेल्या.

संस्कृतीचे पेपर टाळू नका. याच कादंबरीवर 1857च्या जानेवारीत अनीतीचा खटला चालला. सरकारी वकील पिनार यांची तक्रार अशी, की नवऱ्याशी प्रतारणा करणाऱ्या या नायिकेला दोष देणारं पुस्तकात कुणीच नाही. (वाचक म्हणून माणूस पक्का होता, हे मान्य करायला हवं.) फ्लोबेर सुटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच पिनारांपुढे कवी बोदलेर मात्र आपल्या कवितासंग्रहामुळे अडकला. दंड झाला, सहा कवितांवर बंदी आली, ती उठली थेट 1949 मध्ये. एक सुटला, दुसरा का नाही? नुसत्या पुस्तकाच्या मजकुरात याचं उत्तर सापडत नाही. तेव्हाचा कायदा, वृत्तपत्रं, वाचकवर्ग, सगळं चाळावं लागतं. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ संग्रहात त्या काळची वृत्तपत्रं घरबसल्या फुकट वाचता येतात.

बी-२वर बऱ्याच ठिकाणी अर्ज चालतो, साहित्याला काही विद्यापीठं सी-१ ही त्याच्या वरची पातळी मागतात. फ्रान्समध्ये हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आणि प्रबंध फ्रेंचमध्येच लिहायचा. म्हणून वाचलेल्या पानावर रोज दहा ओळी फ्रेंचमध्ये लिहा आणि कुणाकडून तरी तपासून घ्या.