पैसे घे, पण जागाही माग

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सहा पालिकांचा संयुक्त बेघर निधी, त्यात सगळ्यात श्रीमंत पालिका सगळ्यात मोठा हिस्सा द्यायला तयार आणि तिची अट एकच: निवारा किंवा परवडणारी घरं आमच्या हद्दीत नकोत. बाकीच्या पाचांनी माना डोलावल्या आहेत, ठरावाचा मसुदा तुझ्या टेबलावर पडून आहे आणि तू विचारतेस, एवढा पैसा नाकारायचा का? हे काम किती मोलाचं वगैरे तुला सांगत बसत नाही. ते कळत नसतं तर तू या खात्यात टिकलीच नसतीस. थेट सांगते. पैशाबरोबर जागा. जागा नसेल तर त्या मसुद्यावर तुझी शिफारस नको.

तू लिहिलंस, "निदान सुरुवात तरी होईल." हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. संयुक्त कराराची सुरुवात जशी होते, तसाच तो पुढे चालतो. पहिल्या वर्षी ठरलेली वाटणी नंतर कुणी उघडायला धजत नाही, कारण उघडायला गेलं की मोठा हिस्सा देणारा म्हणतो, मग मी बाहेर पडतो. आज त्यांना तुझ्या निधीची गरज नाही आणि तुला त्यांच्या पैशाची आहे, असं तुला वाटतं. पण त्यांच्या हद्दीतून हटवलेली माणसं शेजारच्या पाच हद्दींत झोपतात. देणेकरी तेही आहेत.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचं नीट वाच. १९७५ मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने माउंट लॉरेल खटल्यात सांगितलं की वाढत्या गावांनी आपल्या हद्दीत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी जागा ठेवलीच पाहिजे. १९८३ मध्ये त्याच न्यायालयाने त्या निकालाला धार दिली. मग १९८५ च्या कायद्यात एक पळवाट आली: आपल्या वाट्याची निम्म्यापर्यंत घरं पैसे देऊन दुसऱ्या पालिकेच्या गळ्यात घालता येतील. श्रीमंत उपनगरांनी रक्कम मोजली आणि घरांची जबाबदारी न्यूअर्क, ट्रेंटनसारख्या शहरांकडे गेली, जिथे गरिबी आधीच दाटलेली होती. ही सोय रद्द व्हायला २००८ उजाडलं. तुझ्या मसुद्यातलं कलम याच सोयीचं भावंड आहे, फक्त यात निम्मी नाही, सगळीच जबाबदारी विकली जाते आहे.

एक माणूस मी कायम डोळ्यांपुढे ठेवते. झोपायचा नदीच्या अलीकडे, पुलाखाली, एका पालिकेच्या हद्दीत. गोदामात माल उतरवायचा पलीकडे, दुसरीच्या हद्दीत. क्षयाची औषधं तिसरीच्या दवाखान्यातून. त्याच्याकडे प्लास्टिकचं एक फोल्डर होतं, रबरबँड लावलेलं. आत तीन अर्जांच्या तीन प्रती, आणि तिन्हींवर जवळपास सारखाच शेरा: "अर्जदार या हद्दीतील रहिवासी असल्याचे सिद्ध होत नाही." तिन्ही शेरे नियमाला धरून होते. प्रत्येक कारकुनाने आपलं काम चोख केलं होतं.

इंग्लंडमध्ये १९९६ च्या गृहनिर्माण कायद्यात "स्थानिक संबंध" नावाची अशीच गोष्ट आहे. त्या भागाशी संबंध दाखवता आला नाही तर परिषद, म्हणजे तिथली पालिका, माणसाला दुसऱ्या परिषदेकडे पाठवू शकते. स्कॉटलंडने नोव्हेंबर २०२२ पासून असं पाठवणं थांबवलं, आणि बरोबर केलं. तुझ्या मसुद्यातही रहिवासाची अट काढली आहेस, त्याबद्दल शाबासकी. पण अट काढली की माणसाला घर मिळतं असं नाही. सगळ्या खाटा जमीन स्वस्त तिथे, शहराच्या टोकाला गेल्या, तर या माणसाला गोदामापासून दोन तासांवर खाट मिळेल. चार दिवस राहील आणि पुलाखाली परत येईल. मग आपलेच लोक अहवालात लिहितात, "लाभार्थ्याने निवारा नाकारला." हे वाक्य तुझ्या सहीने कधी जाऊ देऊ नकोस.

लॉस एंजेलिसचा दाखला तू स्वतः दिलास, म्हणून तिथे थोडी थांबते. शहर आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) यांनी मिळून १९९३ मध्येच बेघरांसाठी संयुक्त प्राधिकरण काढलं. २०१६ मध्ये शहराच्या मतदारांनी घरं बांधायला १.२ अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले, २०१७ मध्ये काउंटीच्या मतदारांनी सेवांसाठी पाव टक्का विक्रीकर. विचार उत्तम होता: इमारत एकाच्या पैशातून, आणि त्या इमारतीत माणसाला सावरून धरणारे कार्यकर्ते दुसऱ्याच्या पैशातून. (बांधकामाला निधी मिळतो, चौकीदाराच्या पगाराला आणि वीजबिलाला मिळत नाही, हे तुलाही लवकरच दिसेल.) नोव्हेंबर २०२४ मध्ये पाव टक्क्याच्या जागी अर्धा टक्का आला, आणि त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसा परवडणाऱ्या घरांसाठीच्या नव्या काउंटीव्यापी संस्थेकडे जाईल असं ठरलं. पैशाची बाजू इतकी भक्कम क्वचितच कुठे असेल. पण त्या काउंटीत ८८ शहरं आहेत, आणि कुठल्या भूखंडावर काय उभं राहील हे ज्याचं तो ठरवतो. प्राधिकरणाकडे नोंदी होत्या, कंत्राटं होती, जमिनीवर अधिकार नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये काउंटीनेच आपला ३० कोटी डॉलरहून जास्त निधी त्यातून काढून स्वतःच्या नव्या खात्याकडे वळवायचं ठरवलं. लेखापरीक्षणातले ताशेरे हे कारण होतंच, ते मी झाकत नाही. पण जागा देण्याचं बंधन नसलेल्या संस्थेकडून सगळ्यांनी रस्ते मोकळे होण्याची अपेक्षा ठेवली होती, हेही तितकंच खरं.

तू म्हणशील, ह्यूस्टनने कुठे कुणाकडे जमीन मागितली? तिथे तीन काउंट्या आणि शंभराहून जास्त संस्था बेघरांच्या एकाच यादीवर काम करतात, आणि २०११ पासून बेघरांची संख्या साठ टक्क्यांहून जास्त घटली. मान्य. त्यांनी खासगी घरमालकांकडून सदनिका भाड्याने घेतल्या. पण ह्यूस्टनमध्ये इतर अमेरिकी शहरांसारखं जमीनवापराचं विभागीय बंधनच, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं हे ठरवणारा नियमच, नाही, भाड्याची घरं मुबलक उभी राहिली. जागा आधीच होती, म्हणून पैसा कामाला आला. तुझ्या श्रीमंत पालिकेच्या विकास नियमांत छोट्या सदनिकांना परवानगी तरी आहे का? ते तपासल्याशिवाय मला ह्यूस्टन सांगू नकोस.

फिनलंडचा मार्ग मला सगळ्यात जवळचा वाटतो. २००८ मध्ये सरकारने दहा शहरांशी लेखी करार केले. १९८५ पासून तिथे वाय-सॅटिओ नावाची संस्था साध्यासुध्या इमारतींतल्या सुट्या सदनिका विकत घेऊन बेघरांना भाड्याने देते, म्हणजे कुठला एक मोहल्ला "त्यांचा" ठरत नाही. हेलसिंकी परिसरातल्या पालिका सरकारशी जमीन, घरं आणि वाहतूक यांचा एकत्रित करार करतात. किती घरांसाठी आराखडे करणार हे प्रत्येकीने कबूल करायचं, त्या बदल्यात वाहतुकीच्या प्रकल्पांना सरकारी मदत. १९८७ मध्ये अठरा हजारांच्या घरात असलेली बेघरांची संख्या २०२३ मध्ये साडेतीन हजारांच्या आत आली. २०२४ मध्ये ती पुन्हा वाढली, तेही टिपणीत लिही. विरोधक काढणारच आहेत, आधी आपण सांगावं.

आता माझ्याबद्दल. मी असाच एक प्रस्ताव अडवून धरला होता, हे तुला कुणीतरी सांगितलं असणार. माझ्यामुळे निवारा रखडला, लोक थंडीत बाहेर राहिले, असंही सांगितलं असेल. त्या थंडीत बाहेर कोण होतं ते मला नावानिशी माहीत आहे आणि त्याची बोच जन्मभराची आहे. तरीही मी अडवलं ते बरोबर होतं. पैसे घेऊन सगळे निवारे रेल्वे यार्डामागच्या एकाच वॉर्डात गेले असते. तिथल्या लोकांनी "सगळं आमच्याच दारात का?" असं विचारलं असतं, आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या निवडणुकीत निवारे बंद करू म्हणणारा निवडून आला असता. शेवटी त्या श्रीमंत पालिकेने बंद पडलेल्या शाळेची इमारत दिली. ती इमारत अजून चालू आहे, तिथली माणसं कामावर चालत जातात. मला अडेलतट्टू म्हणणाऱ्या एकानेही त्या शाळेची किल्ली कशी मिळाली हे विचारलं नाही. तेव्हा टिपणीवर माझ्याबरोबर सही करणारं दुसरं कुणी मिळालं असतं तर ती थंडी टळली असती. तुला एकटीला लढावं लागू नये म्हणून इतकं लांबलचक लिहिते आहे.

आणि दंडावर भिस्त ठेवू नकोस. फ्रान्सच्या २००० सालच्या कायद्याने ठरावीक आकाराच्या गावांवर २० टक्के सामाजिक घरांचं बंधन घातलं, २०१३ मध्ये अनेक ठिकाणी ते २५ टक्के केलं. पॅरिसला लागून असलेल्या न्यूयीसारखी श्रीमंत गावं वर्षानुवर्षं दंड भरत राहिली. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला पैशाची शिक्षा लागत नाही. त्याच कायद्यातलं दुसरं हत्यार घे: हट्टाने मागे राहणाऱ्या गावाच्या बांधकाम परवानग्यांचा अधिकार सरकारचा प्रतिनिधी आपल्याकडे घेऊ शकतो.

म्हणून मसुद्यात "योग्य जागा उपलब्ध करून दिली जाईल" हे वाक्य खोड. त्या वाक्यावर आजवर कुणाला छप्पर मिळालेलं नाही. त्याऐवजी परिशिष्ट जोड: प्रत्येक पालिकेचे भूखंड किंवा रिकाम्या इमारती, क्रमांकासकट, क्षेत्रफळासकट, ताबा देण्याच्या तारखेसकट. तारीख चुकली तर त्या जागेच्या परवानगीचा निर्णय संयुक्त समितीकडे जाईल, जास्तीचे पैसे भरून सुटका नाही, हे शब्द तसेच्या तसे हवेत. आणि जमीन देणाऱ्याला तिचं श्रेय दे. सिएटलच्या पूर्वेकडची शहरं आणि तिथली काउंटी १९९२ मध्ये घरांसाठी एकत्र आली आणि संयुक्त निधी चालवतात. तिथे रोख रकमेबरोबर दिलेली जमीन आणि माफ केलेलं शुल्कही हिश्श्यात धरतात. गरीब पालिकेला तेवढ्याने मानाने बसता येतं.

आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांसाठी दर लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास आणि बाराही महिने चालणारा निवारा सांगितला, तो शहरागणिक. किती शहरांनी किती पाळलं हा वेगळा विषय, पण मोजणी कुठे करायची हे न्यायालयाला कळलं होतं.

श्रीमंत पालिकेच्या आयुक्तांना भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नकोस. त्यांच्याच मालमत्ता नोंदवहीतून वापरात नसलेल्या इमारती काढ, नकाशावर खुणा कर आणि तो नकाशा टेबलावर पसर. "विषय संवेदनशील आहे" म्हणाले तर होकार देऊ नकोस, पुढची इमारत दाखव. परिशिष्ट तयार झालं की मला पाठव, ओळ न ओळ वाचून देईन. टिपणीवर माजी अधिकारी म्हणून माझं नाव लागत असेल तर तेही घाल. फक्त बैठक पुढे ढकलण्याचं पत्र आजच दे. कार्यक्रमपत्रिका एकदा सदस्यांच्या घरी पोचली की विषय मागे घेणं तुझ्या हातात राहणार नाही.