ताई कॉन्फरन्सला गेल्यात, मग आमच्या सेशनचं काय?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की आम्हा स्पीच थेरपिस्टच्या कॉन्फरन्सला चाललेय, उत्तरं जरा उशिरा येतील. तर त्या एका ओळीवरच पत्रांचा ढीग आला! त्यातली चार घेतेय, बाकीच्यांनी रागवू नका.

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, 'काका'ला 'ताता' म्हणतो. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी चालू आहे, पण मॅडम चार दिवस कॉन्फरन्सला गेल्या आणि दोन्ही सेशन बुडाली. एवढं काय असतं तिथे? फिरायलाच जातात ना?
– एक आई, कराड

फिरतोही हो, खोटं कशाला बोलू. आमच्या संघटनेचं, म्हणजे इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन असतं, त्याला सगळे इशाकॉन म्हणतात. ते दरवर्षी वेगळ्या गावात भरतं, म्हणून एखादं देऊळ आणि एक साडीचं दुकान होतंच. पण जायला लागतं याचं एक रुक्ष कारणही आहे. आमचं रजिस्ट्रेशन आरसीआयकडे, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे असतं, आणि ते रिन्यू करायचं तर पाच वर्षांत १०० पॉइंट जमवावे लागतात, ते अशा कॉन्फरन्स-वर्कशॉपमधून मिळतात. त्यामुळे मागच्या रांगेत बसून मोबाईल बघणारेही असतात, आणि ते कोण हे आम्हाला बरोबर माहीत असतं.

पण खरं सांगू का, चार दिवसात एक तरी गोष्ट अशी कानावर पडते की परत आल्यावर आपलंच कपाट उघडून काही वस्तू बाहेर काढाव्या लागतात. माझ्याबाबतीत त्या होत्या शिट्ट्या. पूर्वी मी पण मुलांना शिट्टी वाजव, फुगा फुगव, मेणबत्ती विझव असलं भरपूर करून घ्यायचे, आईवडिलांनाही बरं वाटायचं की काहीतरी चाललंय. मग कॉन्फरन्सच्या एका सेशनमध्ये एक बाई उभ्या राहिल्या आणि सरळ विचारलं की फुंकून 'क' कसा येणार, 'क' तर जिभेच्या मागच्या भागाने होतो! नुसत्या फुंकण्याच्या आणि जीभ बाहेर-आत करण्याच्या व्यायामाने उच्चार सुधारतात याला धड पुरावा नाही, बोलायला शिकायचं तर सराव बोलण्याचाच पाहिजे. आणि त्याच हॉलच्या बाहेर, पन्नास पावलांवर, स्टॉलवर रंगीत शिट्ट्यांचा सेट विकायला ठेवलेला आणि तिथे रांग! कॉन्फरन्स म्हणजे हे असं सगळं एकत्र असतं.

बुडलेल्या सेशनचं म्हणाल तर मॅडम भरून देतील, नाही दिली तर मागा, लाजू नका. तोवर घरी आरशासमोर बसवा, तोंड उघडं, जिभेचं टोक खाली ठेवायला सांगा आणि गुळण्या केल्यासारखा घशातून आवाज काढायला लावा, तिथून 'क' जवळ असतो. जमलं तर 'का', मग 'काका'. पाच मिनिटं, बास. आणि मॅडम आल्या की विचारा, काय नवीन ऐकलंत? ज्यांनी खरंच ऐकलंय त्या अर्धा तास सांगतील.

प्रश्न : मी बीएएसएलपीच्या (स्पीच थेरपी-ऑडिओलॉजीची पदवी) शेवटच्या वर्षाला आहे. माझं अभ्यासाचं पोस्टर कॉन्फरन्ससाठी सिलेक्ट झालंय, पण इंग्लिशमध्ये प्रश्न विचारले तर ततपप होईल अशी भीती वाटते.
– एक विद्यार्थिनी, पुणे

अगं ततपप झालं तर तिथे दोन-चारशे थेरपिस्ट आहेत, याहून सेफ जागा कुठली!

माझं पहिलं पोस्टर सांगते. तेव्हा म्हैसूरच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूटमध्ये गेले होते, १९६५ सालची संस्था, आमच्या फील्डची पंढरीच म्हण ना. मी मराठी मुलांचे उच्चार तपासायला शब्दयादी केली होती, प्रत्येक अक्षराला तीन शब्द, एकदम छान तक्ता. चहाच्या वेळेला एक म्हाताऱ्या मॅडम आल्या, मराठी अजिबात येत नव्हतं त्यांना, चष्मा वर करून म्हणाल्या जरा वाचून दाखव. मी वाचलं, चमचा, चिमणी, चाक. त्या म्हणाल्या परत वाच. परत वाचलं. मग हळूच म्हणाल्या, यात दोन वेगळे आवाज आहेत, तू एकाच खान्यात का टाकलेस? मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं! जन्मभर बोलत होते, चमच्याचा 'च' दाताजवळचा आणि चिमणीचा टाळूचा, पण लिहायला अक्षर एकच म्हणून कधी डोक्यातच आलं नाही. 'ज'चंही तेच, जगात राहतो तो 'जग' वेगळा आणि 'शंभर वर्षं जग' मधला वेगळा. आता एखादं मूल चमचातला 'च' चिमणीसारखा म्हणत असेल तर माझ्या त्या तक्त्यात ते पास झालं असतं.

म्हणून सांगते, इंग्लिशची नको, डेटाची भीती बाळग. हिंदीवरून किंवा इंग्लिशवरून उचललेल्या याद्यांत आपला 'ळ' तर हमखास गायब असतो, तुझ्यात आहे का ते बघ. बाकी दोन मिनिटांत पाठ न करता सांगता येईल एवढं तयार ठेव, पोस्टर वाचून दाखवत उभी राहू नकोस (वाचता त्यांनाही येतं), चहाच्या वेळी पोस्टर सोडून जाऊ नकोस कारण खरी माणसं तेव्हाच येतात. आणि पोस्टर गुंडाळून ठेवतेस त्या ट्यूबवर नाव लिही.

प्रश्न : मी स्वतः अडखळत बोलतो. थेरपिस्ट लोकांच्या कॉन्फरन्सला आमच्यासारख्यांना येता येतं का? आमच्याबद्दलच बोलतात ना तिथे?
– एक वाचक, नाशिक

टोमणा पोचला. काही सेशनला बोलावतात, पण मुख्यतः ते आमचंच असतं. तुम्ही त्यापेक्षा दी इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनची कॉन्फरन्स बघा, ती अडखळणाऱ्या लोकांनीच चालवलेली आहे. तिथे माइकसमोर कुणी अडलं तर अख्खा हॉल शांत बसून राहतो, वाक्य पुरं करायला कुणीही पुढे येत नाही. आमच्या हॉलमध्ये मात्र दहा मिनिटं झाली की बेल वाजते. २२ ऑक्टोबरला स्टॅमरिंगचा जागतिक दिवस असतो, त्या सुमाराला बरेच कार्यक्रम होतात.

प्रश्न : सासऱ्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला होता. जेवतात ठीक, पण चहा-पाण्याने ठसका लागतो. डॉक्टर म्हणाले पातळ पदार्थ घट्ट करून द्या. किती घट्ट? आणि गिळण्याचं काम स्पीच थेरपिस्टचं असतं का?
– एक सून, चिपळूण

असतं! बोलायला जीभ, ओठ, घसा जे लागतं तेच गिळायला लागतं. आणि 'किती घट्ट' या प्रश्नावर मी यंदा आख्खी एक दुपार घालवून आलेय.

गिळण्याच्या वर्कशॉपला आम्हाला घरचे पदार्थ आणायला सांगितले होते. टेबलावर ताक, भाताची पेज, नाचणीची आंबील, वरण, आणि प्रत्येकीच्या हातात एक दहा मिलीची सिरिंज, सुई नाही, दट्ट्या काढलेला. खालून बोट लावायचं, दहापर्यंत भरायचं, बोट काढायचं, दहा सेकंद मोजायचे, परत बोट. उरलं किती ते बघायचं. एक मिलीपेक्षा कमी उरलं तर ते पाण्यासारखं, म्हणजे शून्य पायरी, एक ते चार म्हणजे पहिली पायरी, चार ते आठ दुसरी, आठच्या वर तिसरी, थेंबही पडला नाही तर चौथी. आयडीडीएसआय म्हणून जगभर वापरतात ती पद्धत आहे, पाण्यापासून नेहमीच्या जेवणापर्यंत शून्य ते सात पायऱ्या. सिरिंज पण कुठलीही चालत नाही, शून्य ते दहाच्या खुणांमधलं अंतर ६१.५ मिलिमीटर हवं, नाहीतर आकडा चुकतो.

ताक सळकन खाली गेलं. आंबील गरम असताना सुरसुर वाहिली, आणि तीच आंबील आमचा चहा होईपर्यंत गार झाली तर सिरिंजमधून हलेना! म्हणजे सकाळी सासऱ्यांना दिलेली पेज आणि अर्ध्या तासाने तीच उरलेली पेज हे दोन वेगळे पदार्थ. दुसरं म्हणजे आरारूट किंवा कॉर्नफ्लॉवरने घट्ट केलं असेल तर उष्टा चमचा परत वाटीत घालू नका, लाळेने स्टार्च फुटतो आणि खालचं परत पातळ होतं. आणि चहात बुडवलेली खारी तर नकोच सध्या, त्यात घास आणि पाणी एकदम तोंडात येतं, तेच सगळ्यात अवघड.

पण पायरी कुठली ते मी पत्रावरून नाही सांगणार. काहींना घोट श्वासनलिकेत गेला तरी ठसकाच लागत नाही, नुसता मधूनमधून ताप येतो, कफ वाढतो, असं काही असेल तर वाट बघू नका. गिळण्याची तपासणी करणारा थेरपिस्ट गाठा, लागलं तर बेरियम पाजून एक्स-रेखाली बघतात. तोवर ताठ बसवून, छोटे घोट, घाई नाही, टीव्ही बंद. आणि जाताना घरी ज्या कपात चहा देता तो कप आणि नेहमीची पेज डब्यात घेऊन जा, तिथे सिरिंजमध्ये घालून बघायला सांगा.