शुद्ध की उपयोजित? पदवीच्या नावावर जाऊ नका

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षात आहात, अल्जेब्रा आवडतो, पण घरचे म्हणतात 'अप्लाइड घे, नोकरी लागेल'. एमएस्सीला शुद्ध (प्युअर) गणित घ्यायचं की उपयोजित (अप्लाइड), हा निर्णय घ्यायच्या आधी दोन्हींच्या चारही सेमिस्टरचा अभ्यासक्रम उघडून बघा. पहिल्या वर्षी रिअल अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा, टोपॉलॉजी, डिफरन्शियल इक्वेशन्स हे बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. वाटा फुटतात त्या तिसऱ्या सेमिस्टरच्या ऐच्छिक विषयांपासून.

कल कळायला दोन गोष्टी स्वतः करून बघा. पहिली: १५ घटकांचा प्रत्येक ग्रुप सायक्लिक (एकाच घटकापासून बनणारा) असतो हे ग्रुप थिअरीतल्या सिलोच्या प्रमेयांनी सिद्ध करा आणि मग २१ घटकांच्या ग्रुपला हे का जमत नाही ते शोधा. (७ मधून १ वजा केल्यावर उरणाऱ्या ६ ला ३ ने भाग जातो, तिथे गोम आहे.)

दुसरी: एक मीटर दांड्यातल्या उष्णतेचं समीकरण पायथनमध्ये साध्या एक्स्प्लिसिट पद्धतीने (पुढच्या क्षणाचं तापमान थेट आधीच्या क्षणावरून काढत) सोडवा आणि आलेख काढा. डिफ्युजिव्हिटी (उष्णता किती भरभर पसरते तो आकडा) १ धरा, दोन्ही टोकं शून्यावर ठेवा, अंतराची पायरी ०.१ घ्या. काळाची पायरी ०.००५ पर्यंत उत्तर शहाण्यासारखं वागतं. ०.००६ केली की आकडे वर-खाली उड्या मारत फुगतात, कारण सगळ्यात कमी लांबीची लाट दर पायरीला चिन्ह बदलत सुमारे १.३४ पट होते. सुरुवातीचं तापमान तंबूच्या आकाराचं घ्या. गुळगुळीत साइन घेतली तर त्या लाटेला फक्त राउंडिंगच्या चुकीतून वाढावं लागतं, आणि बिघाड दिसायला शंभरावर पायऱ्या जातात.

आता बघा, रात्री डोक्यात काय घोळतं: २१ चा ग्रुप की तो फुगलेला आलेख? माझ्या मते हे उत्तर गुणपत्रिकेपेक्षा जास्त खरं असतं. आणि आलेख का फुगला याची सिद्धता हवीशी वाटली, तर पीडीईचा (अशा आंशिक विकलक समीकरणांचा) सैद्धांतिक अभ्यास तुमचा. टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या बंगळुरूच्या गणित केंद्राच्या नावात 'अ‍ॅप्लिकेबल' आहे, पण तिथेही प्रमेयंच सिद्ध होतात.

नंतर दिशा बदलायची झाली तर अ‍ॅनालिसिस पक्का असलेल्याला पीडीई किंवा प्रोबॅबिलिटीकडे वळणं सोपं जातं. अल्जेब्रा आणि टोपॉलॉजी न करता शुद्ध गणितात पीएचडीला जाणं मात्र फार अवघड. म्हणून अप्लाइड घेतलंत तरी हे दोन पेपर सोडू नका. नेट या प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतही ते लागतातच. तिथल्या सी भागात एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे अचूक निवडले तरच ४.७५ गुण मिळतात. पाठांतर तिथे उपयोगी पडत नाही.

नोकरीचं म्हणाल, तर 'अप्लाइड' या शब्दाला कंपन्या पगार देत नाहीत. प्रत्यक्ष प्रोग्रॅमिंगची लॅब, स्टॅटिस्टिक्स आणि शेवटच्या सेमिस्टरचा प्रकल्प आहे का, ते विचारा. पुणे विद्यापीठात इंडस्ट्रियल मॅथेमॅटिक्स विथ कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्स आहे, त्याचा अभ्यासक्रम साध्या एमएस्सीच्या शेजारी ठेवून वाचा. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) लागेलच, मग पदवी कुठलीही असो.