‘नियमात कुठे लिहिलंय?’

प्रश्न : आम्ही पाच मित्र शनिवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायचा काल्पनिक साहसांचा खेळ खेळतो. डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा, शत्रू चालवणारा आणि निर्णय देणारा, मी. एक मित्र सतत नियमांतल्या फटी शोधतो. परवा त्याने दोन हजार शेतकरी रांगेत उभे केले आणि भाला हातोहात पुढे पाठवला. नियमानुसार फेरी, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, सहा सेकंदांची, म्हणून भाला तेवढ्यात तीन किलोमीटर जाणार आणि त्या वेगाने ड्रॅगन मरणार! नाही म्हटलं, तर म्हणतो, ‘नियमात कुठे लिहिलंय?’ काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हा डाव ‘पेझंट रेलगन’ (शेतकऱ्यांची तोफ) म्हणून खेळाडूंत जगभर प्रसिद्ध आहे. मेख अशी, की भाला नेताना तुमचा मित्र नियमांना धरून चालतो आणि जखम मोजायची वेळ आली की भौतिकशास्त्र काढतो. पण वेगावरून इजा ठरवायची सोय नियमांत नाहीच. शेवटच्या शेतकऱ्याने फेकलेला भाला साधाच : सहा बाजूंच्या एका फाशावर येईल तेवढीच इजा. राहिलं ‘कुठे लिहिलंय’. २०२४च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ या खेळाच्या नियमपुस्तकात लिहिलंय, की नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे आणि ते सद्हेतूने वाचायचे असतात. ते पान त्याला दाखवा.

नियमांत मोकळी जागा असणं ही उणीव नाही. प्रशिया या जर्मन राज्यात राइसविट्झ या लेफ्टनंटने १८२४ साली सैन्यासाठी युद्धखेळ आणला, त्यात फासे, तक्ते, सगळं मोजून-मापून. १८७६मध्ये व्हर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने ते बाजूला सारून निकाल अनुभवी पंचावर सोपवला. डंजन मास्टरकडे आज तेच काम आहे.

म्हणून प्रत्येक चलाख कल्पना छाटू नका. जिन्यावरची सतरंजी ओढून गॉब्लिन (खेळातले छोटे राक्षस) पाडायचे, हेही पुस्तकात नाही, पण ते समोरचा जिना बघून सुचलेलं असतं. लगेच सांगा, ‘१५ किंवा जास्त आले तर जमलं’, आणि वीस बाजूंचा फासा टाकायला लावा. मला तर या खेळात याहून मोलाचं काही वाटत नाही.

मित्राला अद्दल घडवायला त्याच्या पात्रावर वीज मात्र पाडू नका. भांडण टेबलावरचं आहे, गुहेतलं नाही. शनिवारी चहा घेतानाच सगळ्यांसमोर ठरवा : शंका आली तर निर्णय तुमचा, वाद खेळ संपल्यावर. निर्णय वहीत टिपून ठेवा, पुढच्या वेळी तुमच्या गॉब्लिननाही तोच लागू.